राणीच्या कानशिलावरची शीर

४ जानेवारी

वन्संना सादर नमस्कार, वि. वि.

गुरुवारी दुपारी तुमची भाची एक पेटी नि एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी विचारलं, "सुट्टी?" ती म्हणाली, "आत्यानं सांगितलं, हात जड आहे. या धंद्यात तुझं काही होणार नाही, घरी जा." एवढंच बोलली आणि पेटी न उघडता पलंगाखाली सरकवली.

वन्सं, तीन वर्षं ती तुमच्याकडे मेकअप शिकत होती. हात जड आहे हे पहिल्या महिन्यात कळायला हवं होतं. तीन वर्षांनी कळलं, म्हणजे मधे काहीतरी घडलं असणार. काय ते मी विचारत नाही. मागणी एवढीच, की तिची निळ्या पुठ्ठ्याची वही तुमच्याकडे राहिली आहे, ती पाठवून द्या. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज राणीच्या थाटाचे सहा चेहरे तिनं त्यात रंगवले आहेत. पोर सव्वा वर्ष त्यावर खपली आहे. नव्या ठिकाणी काम मागायला जायचं तर तिच्या हातात दाखवायला दुसरं काही नाही.

तुमचे फोन येतात ते मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर बोललेलं तुम्हाला पुढे आठवत नाही, हा माझा चोवीस वर्षांचा अनुभव. कागदावरचं दोघींनाही आठवतं.

हा कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती. टाकवेना.

तुमची,
वहिनी


१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून हसू आलं. आपण काय आजीच्या काळात राहतो? पण तुझा हट्ट म्हणून लिहिते.

टिटवीला मी काढून टाकलं नाही, थोडी विश्रांती घे म्हटलं. पोर गुणी आहे, पण सदा तंद्रीत. वस्तू कुठे ठेवते ते तिचं तिला ठाऊक नसतं. माझ्याकडे कसली निळी वही नाही. सगळी कपाटं पाहिली.

एक आनंदाची बातमी. इथल्या मोठ्या नाटकमंडळीनं त्याच राणीवर नाटक घेतलं आहे. चेहऱ्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं. कोवळ्या राजकन्येपासून थकलेल्या म्हातारीपर्यंत सहा चेहरे, सहाही माझ्या कल्पनेतले. राणीचं काम करणाऱ्या बाई म्हणजे बड्या नटी, नाकावर माशी बसू देत नाहीत. पण मी सांभाळून घेते. दहा मार्चला पहिला प्रयोग आहे. दादाला सांग, बहिणीचं नाव फलकावर लागणार.

आणि वहिनी, मुलांच्या बाबतीत आपण डोळे उघडे ठेवावेत. प्रत्येक आईला आपलं पिल्लू गरुड वाटतं.

तुझी,
नणंद


१९ जानेवारी

वन्संना सादर नमस्कार, वि. वि.

अभिनंदन. वर्तमानपत्रातला फोटो कापून जपून ठेवला आहे. शेवटचा चेहरा, म्हातारपणचा. पांढराफटक रंग, भुवया नाहीत, कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत मागे नेलेलं, लाल केस, बारीक लाल ओठ. आणि डाव्या कानशिलावर एक निळी शीर. वर जाताना तिला दोन फाटे फुटतात, त्यातला आखूड फाटा भुवईच्या जागेकडे वळतो.

वन्सं, ती शीर माझी आहे.

आरशात पाहून लिहिते आहे. गेल्या वर्षी सुट्टीत लेकीनं मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून पाच दुपारी रंगवलं. त्या काळी गोरेपणा पातळ दिसावा म्हणून बायका पांढऱ्या रंगावर निळ्या शिरा काढून घेत, हे तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "आई, पुस्तकातली शीर कशाला काढू? तुझी खरीच आहे, तीच काढते." त्या बायका शिशाचं विष तोंडाला फासत. हिनं साधा औषधी पांढरा वापरला. गळ्याभोवतीच्या चुण्यांच्या त्या मोठ्या तबकडीला खळ मी घातली होती, इतकी कडक, की मान वळवता येईना. रंगावरून लावलेल्या अंड्याचा वास घरभर. मी देवाची क्षमा मागितली आणि बसून राहिले.

रंगवताना ती मानेवर आली, कानांवर आली, हातांवरही आली. मी म्हटलं, "पुरे, रंग वाया जातो." ती म्हणाली, "राणी कुठेच अर्धी नसते."

तेव्हा मला माझं लग्न आठवलं. तुम्हाला आठवत नसेल. एकोणीस वर्षांच्या होतात, नुकत्या हे काम शिकू लागला होतात, नव्या भावजयीला नटवायचं काम तुमच्याकडे होतं. माझा रंग सावळा. तुम्ही तोंड पांढरं केलंत नि मान तशीच ठेवलीत. मांडवातली पोरं म्हणाली, नवरीनं दुसऱ्या कुणाचं डोकं लावलंय. सगळे हसले. तुम्हीही हसलात. तो फोटो दिवाणखान्यात चोवीस वर्षं आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस तो पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, मग चहा चांगला झालाय म्हणतो.

ते मी गिळलं. लेकीचं गिळणार नाही.

कामात काही अडलं तर जरूर विचारा. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण खोटं बोलायचं नाही एवढं देवापुढे कबूल केलेलं आहे. विचाराल त्याचं खरं उत्तर देईन. न विचारलेलं सांगायची सवय मात्र सासूबाईंनी मोडून टाकली.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतकं मनात ठेवायचं असतं का? लग्नात हसतात ग माणसं. आणि शिरा काय, सगळ्यांच्या सारख्याच असतात.

मी रागावले नाही. उलट तुलाच एक विचारते, कारण अंडी फेटणं घरातल्या बाईला जास्त कळणार. त्या काळी पांढऱ्या रंगावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात देत, म्हणजे चेहरा गुळगुळीत, चिनी मातीच्या बाहुलीसारखा दिसे. टिटवी तुझ्यावर काहीसं करून बघत होती म्हणे. एका चेहऱ्याला किती अंडी? फेटायचं किती? गाळायचं ते एकदाच ना?

इथे कामाचा डोंगर आहे. लवकर लिही.

तुझी,
नणंद


८ फेब्रुवारी

वन्संना सादर नमस्कार, वि. वि.

एक अंडं पुरतं. फेस येईपर्यंत फेटायचं, पाव तास ठेवायचं, फेस खाली बसला की पातळ मलमलीतून गाळायचं. एकदाच. मऊ कुंचल्यानं दोन हात. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

गाळायचं असतं हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हीच लिहिलंत. छान.

पिवळा बलक फेकू नका. केसांना लावता येतो.

तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

चेहरा तडकतो.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. वाळल्यावर आरशासारखा चमकतो, नाटकवाले बघत राहतात. पण शेवटच्या प्रवेशात राणीला हसायचं आहे. सबंध नाटकात ती एकदाच हसते, मरायच्या आधी, आणि त्या हसण्यावरच पडदा पडतो. तालमीत बाई हसल्या आणि नाकापासून हनुवटीपर्यंत दोन भेगा गेल्या. डोळ्यांखाली पोपडे. मागे बसलेलं कुणीतरी खिदळलं. बाईंनी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, "हा चेहरा आहे की पावसाळ्यानंतरची भिंत?"

तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. मी बाईंना सांगितलं, हलू नका, हसताना ओठ कमी ताणा. त्या म्हणाल्या, "मग राणी मी करू की दगड आणून बसवता?" दिग्दर्शकबाई आता माझ्याशी तुटक बोलतात.

पंख्यामुळे होतं का? फार लवकर वाळतं म्हणून? तुझा चेहरा तडकला होता का? खरं सांग.

नणंद


२२ फेब्रुवारी

वन्संना सादर नमस्कार, वि. वि.

दोन प्रश्न विचारलेत, दोन उत्तरं देते.

पंखा बंद ठेवा, थोडा फरक पडेल. पण तरी तडकेल.

माझा चेहरा तडकला होता. पहिल्या दुपारी. मी रंगून बसले होते नि शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. दार उघडल्याबरोबर माझं तोंड बघून वाटी टाकून जी पळाली, ती थेट तिच्या जिन्यात. मला हसू आवरेना. हसले तशी भेगाळले. लेक कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी मात्र ती शेजारीण मुद्दाम बघायला आली, आम्ही दोघी पोट धरधरून हसलो, आणि चेहऱ्याला केसाएवढीसुद्धा रेघ गेली नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या दुपारच्या मधे काय केलं, हे तुम्ही विचारलेलं नाही.

तुमच्या भाचीनं अजून कुठे काम मागितलेलं नाही. विचारलं की म्हणते, "दाखवू काय?" सकाळी उठून खळीची तबकडी काढते, झटकते, परत ठेवते.

तुमची,
वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

पुरे झालं. तू जिंकलीस.

टिटवीची वही माझ्याकडे आहे. कपाटात नाही, उशाशी आहे. सहाही चेहरे तिचे आहेत. मी एक रेघसुद्धा बदललेली नाही, बदलता येण्याजोगी नव्हतीच. तिनं मला ती वही दाखवली त्या दिवशी मला झोप लागली नाही. वीस वर्षांत मला असं काही सुचलं नव्हतं. पुढेही सुचणार नाही, हे त्याच वेळी कळलं. हात तिचा जड नव्हता. मीच तिला डोळ्यांसमोर सहन करू शकत नव्हते.

शेवटच्या चेहऱ्याच्या पानावर 'दुसरा हात पूर्ण वाळू द्यावा' असं लिहून खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे. त्या जागेत काय आहे? तिनं वहीत काय लिहिलं नाही, ते सांग. दहा मार्चला अकरा दिवस उरले. आज दिग्दर्शकबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत जमलं नाही तर मी दुसरं माणूस बघते. माझं वीस वर्षांचं नाव आहे ग.

तुझी,
नणंद


१ मार्च

वन्संना सादर नमस्कार, वि. वि.

प्रश्न बरोबर विचारलात. इतके दिवस वाट पाहत होते.

ती मोकळी जागा ही आपल्या घरची रीत आहे. सासूबाईंच्या वहीत एकाही कृतीची शेवटची पायरी लिहिलेली नाही. प्रत्येक पानाखाली दोन ओळी कोऱ्या. मला म्हणायच्या, "सूनबाई, वही कुणाच्याही हाताला लागते. शेवटची पायरी तोंडातच ठेवावी. ज्याला हवी त्यानं येऊन विचारावी." मी सून म्हणून आले, विचारलं, मला मिळाली. माझ्याकडून लेकीनं घेतली. तुम्ही त्यांच्या पोटच्या. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला तुमचा पाय कधी लागला नाही. आईची रीत ठाऊक असती, तर चोरलेली वही अर्धी आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता उत्तर. अंड्याचा हात द्यायच्या आधी हसवायचं.

बाईंना समोर बसवून खरं हसवायचं, ओठ ताणून दाखवायला सांगायचं नाही. प्रत्येकीचं तोंड वेगळ्या जागी दुमडतं, आणि ती जागा खऱ्या हसण्यातच दिसते. ती मनात धरायची, बारीक कुंचल्यानं आखायची. त्या घड्यांवर अंडं लावायचं नाही, नुसती पांढरी भुकटी दाबायची. चार हात लांबून फरक दिसत नाही. मग खुशाल हसू दे, तडकायला तिथे काही नसतंच.

कृती एवढीच आहे. पण वन्सं, तुम्हाला जमेल असं वाटत नाही. तुमच्या खुर्चीत बसलेल्याला तुम्ही एकच गोष्ट सांगता, हलू नका. चोवीस वर्षांत तुम्हाला कुणाला हसवताना मी पाहिलं नाही. कुणाला तरी हसताना पाहिलं आहे.

म्हणून दुसरी सोय केली आहे. तुमचं २७ तारखेचं पत्र स्वच्छ अक्षरात उतरून घेतलं, मूळ पत्र लेकीच्या पेटीत ठेवलं. 'टिटवीची वही माझ्याकडे आहे, सहाही चेहरे तिचे आहेत', तुमच्या हातचं आहे. आज दुपारच्या गाडीनं ती पेटी घेऊन निघाली. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ती दिग्दर्शकबाईंसमोर बसलेली असेल. जाताना म्हणाली, "आई, आत्याचं नाव जाईल." मी म्हटलं, "तुझं कुठं होतं?"

फोनवर बोलला असतात, तर आज माझ्याकडे काय असतं?

तुमची,
वहिनी


१४ मार्च

वहिनी,

प्रयोग झाला. लोक उठून उभे राहिले.

टिटवीनं बाईंना कसं हसवलं सांगू? तुझ्या शेजारणीची गोष्ट सांगितली. वाटी टाकून पळालेली बाई, जिना, सगळं नकलांसकट. नाकावर माशी न बसू देणाऱ्या बाई खुर्चीत वाकून वाकून हसल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि तुझी लेक गंभीर तोंड करून, कुंचला हातात धरून त्यांच्या घड्या पाहत होती. मी आरसा धरून मागे उभी होते. दिग्दर्शकबाईंनी मला जायला सांगितलं नाही. थांबायला सांगितलं. जाणं सोपं होतं, हे त्यांनाही कळत असावं.

शेवटच्या प्रवेशात राणी हसली. चेहरा शाबूत राहिला. फलकावर तिचं नाव आहे, एकटीचं. माझ्या वर्गातल्या अकरापैकी सात मुली सोडून गेल्या. तुझा नेम अचूक लागला, वहिनी.

एक सोडून.

तुझ्या लग्नाच्या दिवशी मी तुझ्यासाठी सावळा रंग कालवून ठेवला होता. तुझ्याच रंगाचा. नवी होते, पण तेवढं मला समजत होतं. आई खोलीत आली, वाटी उचलून मोरीत ओतली आणि पांढरा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आमच्या घरात काळी सून आली असं कुणी म्हणता कामा नये." मी म्हटलं, मग मानेलाही लावू दे. ती म्हणाली, "मानेवर दागिने येतात. वेळ नाही." मी हसले, कारण सगळे हसत होते. मी एकोणीस वर्षांची होते, आणि रडले असते तर आईनं विचारलं असतं का म्हणून.

तू तिच्या तसबिरीला रोज हात जोडतेस, म्हणून आजवर बोलले नाही. आता तुला द्यायला माझ्याकडे एवढंच उरलं आहे. देणं समज नाही तर घेणं समज, तुझी मर्जी.

वही सोबत पाठवते आहे. त्या दोन ओळी मी भरल्या आहेत.

नणंद


२३ मार्च

वन्संना नमस्कार, वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला गेले, आणि काडी पेटवून तशीच उभी राहिले. बोटाला चटका बसला तेव्हा विझवली. उदबत्ती लावली नाही. तुमच्या दादांनी विचारलं, "संपल्या का?" मी म्हटलं, "आहेत."

सासूबाईंनी मला सगळं शिकवलं. माझी पोर कडेवर घेऊन शिकवलं, आजारात उशाशी बसून शिकवलं. माझ्या लग्नाच्या दिवसाची शेवटची पायरी तेवढी स्वतःपाशी ठेवली. मी विचारली नाही, त्यांनी सांगितली नाही. त्यांचीच रीत.

दिवाणखान्यातला फोटो उतरवला. त्याच्यामागे भिंतीचा चौकोन आहे, चोवीस वर्षांपूर्वीच्या रंगाचा. बाकीची भिंत पार वेगळी झाली आहे. शेजारीण आली नि म्हणाली, "अय्या, इथे काय लावणार?" मी म्हटलं, बघू.

तेव्हा त्या चेहऱ्याचा राग तुमच्यावरून उतरवला. तो आता ज्यांचा त्यांच्याकडे गेला. देवाकडे माझी सासूबाईंशी गाठ पडेल, तेव्हा आम्ही दोघी बघून घेऊ. वहीचा राग उतरवलेला नाही. तो तुमचाच आहे, आणि तो माझ्याबरोबरच जाईल. अंधारात ठेवत नाही.

लेकीचं पत्र आलं. लिहिते, "आत्याचा हात खरंच हलका आहे, आई. नुसती आरसा धरून उभी होती, पण मान किती तिरकी करायची हे तिनं दोनदा बोटानं दाखवलं, आणि दोन्ही वेळा बरोबर." पोर माझ्यावर गेली नाही, हे बरंच झालं.

वही पोचली. त्या दोन ओळींत तुम्ही सुरेख अक्षरात लिहिलं आहे, 'अंड्याचा हात द्यायच्या आधी हसवावे.' ते मी काळ्या शाईनं खोडलं. इतकं सगळं होऊनही तुम्हाला आईची रीत कळली नाही.

सुट्टीत लेक घरी येणार आहे. तुम्हीही या. स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत, त्याच स्टुलावर बसायचं. रंग ती लावेल, हसवायचं काम माझं. त्या चौकोनात लावायला फोटो काढू. येताना तोंड धुऊन या.

मानेचं काय करायचं, ते मी त्या दिवशी ठरवीन.

तुमची,
वहिनी